सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने फसवलं, तर तक्रार नेमकी कुठे करायची?

इंग्लंड-वेल्समध्ये घराचा व्यवहार किंवा अपघाताचा दावा सॉलिसिटरकडे (तिथला सनदी वकील) सोपवला, तरी फाइल रोज ज्याच्या हाताखालून जाते तो बऱ्याचदा सॉलिसिटर नसतो. पॅरालीगल (सनद नसलेला कायदेशीर सहायक) असतो, कन्व्हेयन्सिंगचा, म्हणजे घर-जमिनीच्या कागदपत्रांचा, असिस्टंट असतो, हिशेब बघणारा कॅशिअर असतो. त्याच्याकडे सनदच नाही, म्हणजे त्याला कोणी काही करू शकत नाही, असं समजून लोक गप्प बसतात. तसं नाही. विचारणारे आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. कोणी माणसाला रोखतो, कोणी पैसे मिळवून देतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत नाहीत. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला काय हवं आहे: तो माणूस या कामातून बाहेर, झालेलं नुकसान भरून, की अडकलेलं काम मार्गी.

माणसाला रोखायचं असेल: एसआरए

सॉलिसिटर आणि त्यांच्या फर्मवर देखरेख करणारी नियामक संस्था म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी (एसआरए). तिच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे सॉलिसिटर्स ॲक्ट १९७४ चं कलम ४३. सॉलिसिटर नसलेल्या माणसाला एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, किंवा फर्मच्या कामात त्याने असं काही केलं असेल की त्याने या क्षेत्रात राहणं योग्य नाही, तर त्याच्यावर आदेश निघतो. त्यानंतर एसआरएची परवानगी घेतल्याशिवाय कोणतीही सॉलिसिटर फर्म त्याला कामावर ठेवू शकत नाही, मोबदलाही देऊ शकत नाही. ट्रेनीसुद्धा यात येतो, कारण तो अजून सॉलिसिटर झालेला नसतो.

या आदेशाला मुदत नसते; तो रद्द होईपर्यंत चालू राहतो. पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागत नाही, 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. आदेश लपवून नोकरी मागणं किंवा घेणं हा गुन्हा आहे, आणि माहीत असून ठेवून घेणाऱ्या सॉलिसिटरलाही शिस्तभंगाला सामोरं जावं लागतं. आदेश प्रसिद्ध होतो, त्यामुळे पुढची फर्म नाव तपासते तेव्हा तो दिसतो. ज्याच्यावर आदेश निघाला त्याला सॉलिसिटर्स डिसिप्लिनरी ट्रायब्युनलकडे (शिस्तभंगाची प्रकरणं ऐकणारं न्यायाधिकरण) फेरविचार मागता येतो.

कोर्टाने म्हटलं आहे की हा आदेश शिक्षा म्हणून नसून लोकांच्या संरक्षणासाठी आहे. तक्रार लिहिताना हे लक्षात ठेवा. 'मला किती त्रास झाला' यापेक्षा 'याने काय केलं आणि तो पुन्हा करू शकतो का' हे जास्त उपयोगाचं ठरतं. मागच्या तारखेचं पत्र, बनावट सही, न केलेलं काम केल्याचा ईमेल, क्लायंट अकाउंटमधून (ग्राहकांचे पैसे ठेवायचं फर्मचं खातं) भलत्याच खात्यात गेलेली रक्कम: अशा एकेका कृतीची तारीख आणि कागद जोडा.

एसआरए कर्मचाऱ्याला समज देऊ शकते, दंडही करू शकते. सॉलिसिटरांच्या पारंपरिक फर्ममध्ये तिचा स्वतःचा दंड २०२२ पासून साधारणपणे २५,००० पौंडांपर्यंत जातो. आर्थिक गुन्ह्यांशी संबंधित बाबींत ही मर्यादा आता नाही. पण दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हातात त्यातला एक पेनीही येत नाही. अप्रामाणिकपणा असेल तिथे दंडापेक्षा कलम ४३ चा आदेश महत्त्वाचा. दंड भरून माणूस सोमवारी दुसऱ्या फर्ममध्ये रुजू होऊ शकतो.

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. फर्म सांगते, "त्याला काढून टाकलंय," आणि ग्राहक मान डोलावतो. नुसतं काढून टाकल्याची नोंद पुढच्या फर्मला दिसत नाही. गंभीर प्रकार तातडीने एसआरएला कळवणं हे फर्मचं बंधनकारक कर्तव्य आहे, आणि त्यात कर्मचारीही येतात. "एसआरएला कळवलं का, कोणत्या तारखेला?" हे लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर स्वतः कळवा. त्यासाठी तुम्ही त्या फर्मचे ग्राहक असायलाच हवं असं नाही. समोरच्या पक्षालाही तक्रार करता येते.

या आदेशाला एक भगदाडही आहे. तो एसआरएच्या कक्षेतल्या फर्मपुरता चालतो. मृत्युपत्र लिहून देणं हे तिथे राखीव काम (फक्त परवानाधारकांनीच करायचं काम) नाही, म्हणून बंदी असलेला माणूस उद्या बाहेर मृत्युपत्रं लिहून देण्याचा धंदा सुरू करू शकतो. हे मला फार खटकतं, पण आज तरी कायदा असाच आहे.

कामातली चूक आणि मध्यम रक्कम: लीगल ओम्बड्समन

हा वकिली सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. तो माणसाला शिक्षा करत नाही. सेवा कशी दिली ते बघतो आणि उत्तर फर्मकडे मागतो, चूक कोणत्या कर्मचाऱ्याची होती याने फरक पडत नाही. फी परत, माफी, अर्धवट काम पूर्ण करून देणं, आणि ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई. तक्रारीला पैसे पडत नाहीत.

घड्याळाकडे मात्र लक्ष हवं. आधी फर्मकडे लेखी तक्रार, तिला ८ आठवडे. अंतिम उत्तरानंतर ६ महिन्यांत ओम्बड्समनकडे, आणि प्रकार घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून १ वर्षाच्या आत. एसआरएच्या चौकशीची वाट बघत बसलात तर ही मुदत निघून जाते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

मोठी रक्कम: विमा, आणि तो नसेल तर भरपाई निधी

सॉलिसिटर फर्मला व्यावसायिक विमा सक्तीचा आहे: कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर प्रत्येक दाव्याला किमान ३० लाख पौंड, इतरांना २० लाख. कर्मचाऱ्याने अफरातफर केली आणि भागीदार त्यात सामील नव्हते, तर विमा सहसा लागू होतो. त्यासाठी दुसऱ्या, स्वतंत्र सॉलिसिटरमार्फत दावा करावा लागतो.

फर्म बुडाली, विम्यातूनही पैसे निघेनात, तर एसआरएचा कॉम्पेन्सेशन फंड. कमाल ५ लाख पौंड, नुकसान कळल्यापासून १२ महिन्यांत अर्ज. हा शेवटचा आसरा आहे आणि पैसे देणं त्यांच्या मर्जीवर आहे. अप्रामाणिकपणाने गेलेल्या पैशासाठी तो आहे. नुसता निष्काळजीपणा असेल तर सहसा उपयोग होत नाही.

पैसे चोरीला गेले असतील तर पोलीस हवेतच, पण त्याआधी त्याच तासाला आपल्या बँकेला फोन करा. कर्मचाऱ्याने ग्राहकांची माहिती चोरून नेली असेल तर ती बाब माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनरकडेही जाते.

एक प्रसंग जवळून

अपघाताचा दावा आहे. पॅरालीगलचा ईमेल येतो: "दावा कोर्टात दाखल केला आहे." पुढचे सात महिने "कोर्टाकडून उत्तर नाही." दाखल झालेल्या दाव्याला क्लेम नंबर असतो आणि क्लेम फॉर्मवर कोर्टाचा शिक्का असतो. त्या शिक्क्याची प्रत मागा. दोन दिवसांत आली नाही तर फर्मच्या भागीदाराला लिहा आणि नंबर कोर्टात तपासा.

मग तारीख मोजा. शारीरिक इजेच्या दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात. मुदत शिल्लक असेल तर तक्रार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दुसऱ्या सॉलिसिटरकडून दावा दाखल करून घ्या. मुदत गेली असेल तर कोर्ट ती क्वचित शिथिल करतं, पण त्या भरवशावर राहू नका. फर्मवर निष्काळजीपणाचा दावा करता येतो. मूळ दावा ५०,००० पौंडांहून मोठा असेल, तर ओम्बड्समनचा अंतिम निर्णय स्वीकारण्याआधी त्या दुसऱ्या सॉलिसिटरला विचारा. एकदा स्वीकारला की त्याच बाबीवर फर्मला कोर्टात खेचता येत नाही.

आणि तो खोटा ईमेल जसा आला तसा, मूळ रूपात जपून ठेवा. पुढे पाठवलेली प्रत किंवा स्क्रीनशॉट नको. कलम ४३ साठी तोच पुरावा, निष्काळजीपणाच्या दाव्यातही तोच.