लक्ष्मीविलास पॅलेस, बडोदा: निवांत वेळ काढूनच जा

पाहुणे आले की बडोदेकर त्यांना इथे नेतोच, आम्हीपण आत्याला घेऊन गेलो. तिकीट जरा महाग वाटतं, पण ऑडिओ गाईड त्यातच येतो, तो कानाला लावायचा आणि आपल्या स्पीडने फिरायचं. सयाजीराव महाराजांचा हा राजवाडा १८९० चा, डिझाईन मेजर मँट या इंग्रज आर्किटेक्टचं, तो मधेच वारला म्हणून चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टने पुरा केला. दरबार हॉलची जमीन मात्र नीट बघा हं, व्हेनिसच्या पद्धतीचं मोझॅक, इतके बारीक तुकडे बसवलेत की आत्या चष्मा काढून वाकून बघत बसली आणि मागची लाईन खोळंबली, वर रंगीत काचांच्या खिडक्या आहेत त्या वेगळ्याच. फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळेपण भारी. आत फोटो काढू देत नाहीत, एका अर्थी बरंच आहे, नाहीतर सगळे सेल्फीतच. बाग लंडनच्या क्यू बोटॅनिकल गार्डनवाल्या गोल्डरिंगने आखलेली, मला तर आतल्या शस्त्रांपेक्षा तीच आवडली, पण मे महिन्यात दुपारी अजिबात जाऊ नका, भाजून निघाल. राजा रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं बघायची तर आवारातल्या फतेसिंह म्युझियमचं वेगळं तिकीट काढा. सोमवारी बंद असतं.