खोळंबा मोजायचा की धाव?

नगररचनेतल्या मैत्रिणीचा पेच: नव्या संकुलाला परवानगी देताना चौकातला खोळंबा पाहायचा, की रहिवासी रोज किती किलोमीटर गाडी हाकतील ते?

पहिली पद्धत सोपी. चौकात गाडी किती सेकंद खोळंबते ते मोजा, ए (सुरळीत) ते एफ (कोंडी) श्रेणी द्या. पण उपाय बहुधा एकच निघतो, रस्ता रुंद करा. मग आजीबाईंना ओलांडायला आणखी दोन लेन, आणि बसथांब्यापर्यंतचा फूटपाथ हिशेबात कुठेच नाही!

दुसरीला प्रवासाची आकडेवारी लागते, अंदाज चुकूही शकतो. पण थांबा, फूटपाथ, हाकेच्या अंतरावरचं दुकान यांना किंमत येते. कॅलिफोर्नियात २०१३ च्या कायद्यातून पर्यावरण-तपासणीसाठी हीच आली. १ जुलै २०२० पासून राज्यभर लागू.

बस-रेल्वेजवळच्या वस्तीला दुसरी. हायवेलगतच्या गोदामाला, जिथे ट्रकची रांगच डोकेदुखी, तिथे पहिली.