लेकराच्या ताब्याचा अर्ज: कोणत्या कायद्याखाली करावा आणि दाखल केल्यावर काय घडते

नवरा-बायको वेगळे राहू लागले की मराठवाड्यात पहिला निवाडा बहुधा ओसरीवरच्या बैठकीत होतो. दोन्हीकडचे मामा, काका आणि गावातले दोन जाणते बसतात, बाँडपेपरवर सह्या होतात आणि लेकरू कोणाकडे राहील हेही त्याच कागदावर एका ओळीत उरकले जाते. असा कागद चार दिवस शांतता राखण्यापुरता उपयोगी पडतो. परंतु लेकराच्या हिताच्या प्रश्नात न्यायालय त्याने बांधले जात नाही, आणि सुट्टीत नेलेले लेकरू समोरच्याने परत पाठवले नाही तर त्या कागदाच्या जोरावर अंमलबजावणीही मागता येत नाही. अर्जाचा विचार बहुधा याच टप्प्यावर सुरू होतो आणि तेव्हाच कळते की या कामासाठी एकच कायदा नाही.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंबाजोगाईजवळच्या माहेरी परतलेली एक स्त्री आहे, सात वर्षांची मुलगी तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि नवरा छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या कंपनीत नोकरीला आहे. तिच्यापुढे मुख्यतः तीन मार्ग आहेत: पालक व पाल्य अधिनियम 1890 खालील स्वतंत्र अर्ज, हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 26 खालील अर्ज, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 च्या कलम 21 खालील तात्पुरता ताबा.

पहिला फरक ठिकाणाचा आहे, आणि खर्चाचा व फेऱ्यांचा हिशेब त्यावरच ठरतो. 1890 च्या कायद्यात अर्ज लेकरू जेथे नेहमी राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. आई किंवा बाप कोठे राहतो याला तेथे महत्त्व नाही. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जेथे लागू आहे तेथे तो त्या न्यायालयात जातो, हद्दीबाहेर जिल्हा न्यायालयात. लेकराला माहेरी आणून आठच दिवस झाले असतील तर समोरचे वकील हद्दीची हरकत घेतातच. तेव्हा शाळेचा बोनाफाईड दाखला, अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचे कार्ड असे साधे कागद कामाला येतात. आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि लेकरू सहा-सहा महिने आजीकडे असते. अशा वेळी ‘नेहमीचे राहणे’ कोठले, हे कागद आणि साक्षीदार यांवरूनच ठरते. कलम 26 चा अर्ज मात्र विवाहविषयक दाव्यासोबत जातो, आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तेथेही असा दावा दाखल करू शकते. हिंसाचाराच्या कायद्यात तर ती तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो. नवऱ्याने आधीच संभाजीनगरात दावा लावला असेल तर तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे अर्ज करता येतो. लहान लेकरू सांभाळत दर तारखेला एसटीने जाण्या-येण्यात पूर्ण दिवस जातो, हे कारण तेथे मांडले जाते.

दुसरा फरक अर्ज कोणाला करता येतो याचा आहे. 1890 चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे, बापाला आणि आजी-आजोबांनाही खुला आहे, आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. कलम 26 हिंदू, बौद्ध, जैन व शीख पक्षकारांपुरते आहे आणि घटस्फोट, न्यायिक फारकत (विवाह न मोडता न्यायालयाच्या आदेशाने वेगळे राहणे) किंवा नांदण्याचा दावा असा काही मूळ दावा असल्याशिवाय ते वापरता येत नाही. ज्यांना संसार मोडायचा की नाही हेच ठरवता आलेले नाही, त्यांनी केवळ लेकरासाठी घटस्फोटाचा दावा लावणे मला घाईचे वाटते. 2005 च्या कायद्यात ताबा फक्त पीडित स्त्रीला किंवा तिच्या वतीने अर्ज करणाऱ्याला मागता येतो. तेथे बापाला भेटीची मुभा मिळू शकते, आणि ती भेट लेकराला अपायकारक वाटल्यास न्यायदंडाधिकारी ती नाकारूही शकतात.

वेगाबाबत गैरसमज फार आहेत. हिंसाचाराच्या कायद्यात पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मुदती वाढतात, तरीही मारहाणीतून बाहेर पडलेल्या आईसाठी तातडीच्या आदेशाचा सर्वांत जवळचा मार्ग तोच आहे. त्याची मर्यादा म्हणजे तो ताबा तात्पुरता असतो आणि कायमचा प्रश्न शेवटी इतर दोनपैकी एका कायद्याखाली न्यावाच लागतो. कलम 26 मध्येही 60 दिवसांचा उल्लेख आहे, पण तो नोटीस बजावल्यापासून लेकराच्या पोटगीच्या व शिक्षणाच्या अर्जासाठी आहे. ताब्याचा निकाल दोन महिन्यांत लागतो असे त्यावरून कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. 1890 च्या कायद्यात अशी मुदतच नाही.

अर्ज दाखल झाल्यावर प्रथम त्याला क्रमांक पडतो आणि समोरच्याला नोटीस निघते. पहिली खीळ येथेच बसते. ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन नोटीस परत आली की एक तारीख वाया जाते, म्हणून घरच्या पत्त्यासोबत कामाच्या ठिकाणचा पत्ता अर्जातच द्यावा. नंतर समोरचा हजर होतो, म्हणणे मांडायला मुदत मागतो आणि ती बहुधा मिळते. कौटुंबिक न्यायालयात यानंतर समुपदेशकांकडे पाठवले जाते, कारण कौटुंबिक न्यायालय अधिनियम 1984 ने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. समुपदेशकांपुढे बोललेले गोपनीय राहते. मात्र न्यायालयाने मागितल्यास घरच्या वातावरणाबाबतचा अहवाल ते देतात, त्यामुळे त्यांच्या भेटीकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहू नये. जिल्हा न्यायालयात समुपदेशकांची अशी व्यवस्था नेहमी नसते, तेथे प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे जाते.

या सगळ्यात सर्वांत वजनदार गोष्ट अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज, आहे आणि लोक त्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. मूळ अर्जाचा पुरावा, शपथपत्रे, उलटतपास यांत बराच काळ जातो, अनेकदा वर्षेही जातात. तोवर लेकरू जेथे राहते, ज्या शाळेत जाते, ज्यांच्यात रुळते तीच व्यवस्था स्थिर होत जाते, आणि स्थिर झालेले लेकरू उपटून दुसरीकडे लावायला न्यायाधीश सहसा तयार होत नाहीत. म्हणून कोणत्याही कायद्याखाली जा, पहिल्याच तारखेला अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज तयार असावा. बापाकडून अर्ज होत असेल तर हे दुप्पट खरे आहे; सहा महिने भेट न मागता एकदम कायमचा ताबा मागणाऱ्याला पहिला प्रश्न त्या सहा महिन्यांचाच विचारला जातो. नोकरी दूरच्या गावी असेल तर व्हिडिओ कॉलवर ठरावीक वेळी बोलू देण्याची मागणीही करता येते. 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे.

निकाल कशावर ठरतो, याविषयी दोन समजुती घट्ट आहेत. एक म्हणजे पाच वर्षांखालील लेकरू आईचेच, आणि दुसरी म्हणजे पाच पूर्ण झाली की बापाचे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 मध्ये पाच वर्षांपर्यंत ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा एवढेच म्हटले आहे. त्या वयानंतर ताबा आपोआप बापाकडे जातो असे त्यात कोठेही नाही, आणि त्याच कायद्याचे कलम 13 लेकराचे हित सर्वोपरि मानते. मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, तरी 1890 च्या कायद्याखाली न्यायालय लेकराचे हित पाहतेच. लेकरू पुरेसे समजदार असेल तर त्याची पसंतीही विचारात घेतली जाते. चेंबरमध्ये न्यायाधीश सहसा ‘आई हवी की बाबा’ असे थेट विचारत नाहीत; सकाळी वेणी कोण घालते, डबा कोण भरते, पाढे कोण म्हणून घेते, ताप आला तेव्हा जवळ कोण होते, अशी चौकशी होते. पढवून आणलेल्या लेकराची उत्तरे तिसऱ्या प्रश्नाला अडखळतात.

लढून निकाल घ्यावा की तडजोड पुरसीस (दोघांच्या सहीने न्यायालयात द्यायचे तडजोडीचे लेखी निवेदन) द्यावी, हा खरा निर्णय अर्जानंतर दोन-तीन तारखांनी समोर येतो. लढून मिळालेल्या अंतिम आदेशाविरुद्ध कौटुंबिक न्यायालयातून 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते, हिंसाचाराच्या प्रकरणात सत्र न्यायालयात. संमतीने झालेल्या आदेशावर कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याप्रमाणे अपील नाही, म्हणून सही करताना घाई नको. ताब्याचा कोणताही आदेश परिस्थिती बदलल्यावर लेकराच्या हितासाठी बदलून मागता येतो, हे मात्र दोन्हीकडे खरे आहे. जेथे मारहाण, व्यसन किंवा लेकराला पळवून नेण्याची भीती आहे तेथे लढण्याला पर्याय नाही असे मला वाटते. इतर घरांत तडजोडच बरी, पण ती ओसरीवरच्या कागदासारखी एका ओळीची नसावी. वकील परवडत नसेल तर स्त्रियांना, आणि लेकराच्या नावे असलेल्या कामातही, उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते आणि 15100 हा त्यांचा फोन क्रमांक आहे.

पुरसीसमध्ये ‘बापाने वेळोवेळी भेटावे’ असे लिहिले की पहिल्याच दिवाळीला भांडण उभे राहते. त्याऐवजी महिन्यातल्या कोणत्या दोन शनिवारी भेट, अंबाजोगाई बसस्थानकावर किती वाजता, लेकरू सोपवायला आजोबा येतील की मामा, गाडी चुकली तर फोन कोणी कोणाला करायचा, दिवाळी आलटूनपालटून कोणाकडे, मे महिन्यातले किती दिवस कोठे, शाळेचे दाखले आणि दवाखान्याचे निर्णय कोणाच्या सहीने, हे सारे लिहून घ्यावे. खर्चाची रक्कम वेगळ्या कलमात ठेवावी, म्हणजे पैसे थकले म्हणून भेट अडणार नाही आणि भेट चुकली म्हणून पैसे थांबणार नाहीत.