सोसायटीचा कारभार: सभासदांनीच बघावा की पगारी मॅनेजर?

सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही, म्हणून मॅनेजर नेमायचा विचार चालू असेल तर आधी खर्च बघा. कमिटी बहुधा फुकट राबते. मॅनेजरचा पगार मेंटेनन्सच्या बिलात चढतो. १६ फ्लॅटांत वाटला तर टोचतो, २०० मध्ये जाणवत नाही.

वेळ मॅनेजरच वाचवतो. टँकर, लिफ्टवाला, पावत्या तो बघतो. थकबाकीही शेजाऱ्यापेक्षा त्रयस्थाने मागितलेली बरी. (गळतीवरून वरच्या-खालच्यांची भांडणं मिटवेल, ही आशा मात्र सोडा.)

जबाबदारी काही सुटत नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घेणं कमिटीच्याच गळ्यात.

छोट्या इमारतीने कामं वाटून घ्यावीत, हिशेबापुरता अकाउंटंट ठेवावा. मोठं संकुल किंवा बहुतेक फ्लॅट भाड्याने दिलेले असतील, तर मॅनेजर.