दुसरे घर कोणाच्या नावावर? तालुक्याच्या कर सल्लागाराकडील दोन बैठका

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील आमच्यासारख्या कुटुंबात हाती पैसा आला की पहिला विचार शेताचा होतो आणि दुसरा अमरावतीत एखादा ब्लॉक घेऊन भाड्याने देण्याचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पत्नीच्या नावावर माहेरच्या वाटणीचा संत्र्याचा बगीचा असून, आंबिया बहाराचे, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाचे, काही वर्षांचे पैसे तिच्याच खात्यात साठले होते. बत्तीस लाखांचा ब्लॉक, त्यापैकी बारा लाख तिचे आणि वीस लाखांचे कर्ज, असा हिशेब ठरल्यावर रजिस्ट्री कोणाच्या नावे करावी, हा एकच प्रश्न घेऊन आम्ही तालुक्याच्या गावातील एका कर सल्लागाराकडे गेलो. दोन बैठकांचे त्यांनी दोन हजार रुपये घेतले. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर त्यांची एक खोली आहे. विवरणपत्रांच्या हंगामात तेथे जिन्यावर बसून वाट पाहावी लागते; आम्ही दिलेल्या वेळेनंतर दीड तास बसलो. आत गेल्यावर मात्र त्यांनी पहिल्याच वाक्यात विषय हातात घेतला. “नाव कोनाचं टाकाचं ते मंग पाहू गुरुजी, पैसा कोनाचा हाये ते सांगा आधी.” आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी पत्नीचे पासबुक मागून घेतले. पुढची सगळी चर्चा याच प्रश्नाला धरून झाली आणि तीच या सेवेची खरी किंमत आहे, असे मला वाटते.

माझ्या मनात एक सोपी युक्ती होती, जी आमच्या शिक्षकवृंदात सर्रास सांगितली जाते. घर आपल्या नावे घ्यायचे, कर्ज आपल्या पगारावर काढायचे आणि पुढे पत्नीला बक्षीसपत्र करून द्यायचे, कारण महाराष्ट्रात पतीने पत्नीला निवासी घर बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये आहे. सल्लागारांनी ही युक्ती तेथेच मोडीत काढली. मुद्रांकाचा कायदा वेगळा आणि आयकराचा वेगळा. पुरेसा मोबदला न घेता पत्नीला दिलेल्या घराचा मालक आयकरासाठी पतीच मानला जातो आणि भाडे त्याच्याच उत्पन्नात धरले जाते. म्हणजे कागदावर घर पत्नीचे, परंतु कर माझ्याच डोक्यावर. तिने स्वतःच्या पैशातून घेतलेल्या घराला मात्र ही अडचण येत नाही; बगिच्याच्या विक्रीच्या पावत्या आणि बँकेचा उतारा जपून ठेवण्यास त्यांनी तिला दोनदा बजावले.

त्यानंतर त्यांनी एका कोऱ्या कागदावर आकडे मांडले. भाडे महिना नऊ हजार, म्हणजे वर्षाला १,०८,०००. त्यातून महापालिकेला भरलेला घरपट्टीचा कर सहा हजार वजा केल्यावर १,०२,००० उरतात. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट ३०,६०० रुपयांची. रंगरंगोटीवर एक पैसा खर्च केला नाही तरी ती मिळते आणि लाखभर खर्च केला तरी तेवढीच मिळते. उरले ७१,४००. वीस लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १,६८,०००, म्हणजे या घराचा तोटा जवळपास ९६,६००. जुन्या कर पद्धतीत असा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो; नव्या पद्धतीत तो पगाराला लागत नाही.

हे ऐकून संयुक्त मालकी घेऊन मी जुन्या पद्धतीत राहावे, असे मला क्षणभर वाटले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. माझा पगार वर्षाला अकरा लाख आहे. संपूर्ण तोटा माझ्याच नावे धरला आणि भविष्य निर्वाह निधीची दीड लाखांची वजावट घेतली, तरी जुन्या पद्धतीत सुमारे ७५ हजार रुपये कर लागतो. नव्या पद्धतीत, आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार, ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्याने कर शून्य. ज्या व्याजाच्या वजावटीसाठी मी मालकीत शिरू पाहत होतो, तिचा मला काहीच उपयोग नव्हता. पगार पावणेतेरा लाखांच्या पुढे गेल्यावर नव्या पद्धतीतही कर लागेल, हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवे होते; ते मला विचारून काढावे लागले.

उलट बाजूला रोख लाभ होता. निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे खरेदी केल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव सोबत आले की ती जाते. आमच्या व्यवहारात हे बत्तीस हजार रुपये होते, म्हणजे साडेतीन महिन्यांचे भाडे. कर्जात मी सहकर्जदार झालो तरी मालक नसल्याने व्याजाची वजावट मला मिळणार नाही, आणि महिन्याचा सुमारे १७,४०० रुपयांचा हप्ता माझ्या पगारातून जाऊ लागला तर पैसा कोणाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून भाडे आणि बगिच्याचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्यातून हप्ता जावा, असे ठरले.

विक्रेत्याने पाच लाख रोख मागितले होते. त्यावर सल्लागारांनी फारसा वेळ घालवला नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे विक्रेत्याला फोनवर ऐकवायला त्यांनी मला सांगितले. इसाराची रक्कम दुसऱ्याच दिवशी खात्यातून गेली.

आता उणिवा. आमच्यापुढे तालुक्याच्या गावातील एक जुने घरही होते, अमरावतीच्या ब्लॉकपेक्षा बरेच स्वस्त. त्याची आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, मी सोबत नेली होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. जमीन नझूलची, शासनाकडून पट्ट्याने मिळालेली असल्याचे नंतर वकिलांनी दाखवले आणि आम्ही तो विचार सोडला. हे काम वकिलाचे, हे मला मान्य आहे, तरी “ही वकिलाला दाखवा” एवढे शब्द दोन हजारांत बसले असते.

भाडेकराराबाबतचा सल्ला मात्र सरळ चुकीचा होता. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केली की पुरे, असे त्यांनी सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांच्या आमच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास येते. एवढ्यासाठी नोटरीवर भागवण्याचा सल्ला कोणी का द्यावा, हे मला उमगले नाही. फीची पावतीही मागितल्यावर तिसऱ्या दिवशी मिळाली.

रजिस्ट्री पत्नीच्या एकटीच्या नावे झाली. घर कोणाच्या नावे घ्यावे, एवढाच प्रश्न असेल तर मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन आणि जिन्यावर दीड तास बसेन. भाडेकराराची नोंदणी आम्ही अमरावतीतच करून घेतली, आणि आता भाडे दर महिन्याला त्याच पासबुकात जमा होते, जे त्यांनी पहिल्या दिवशी मागून घेतले होते.