महात्मा फुले जनआरोग्य योजना: आठ महिन्यांच्या डायलिसिसनंतर

मामंजींच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, त्या दिवशी घरात पहिली गोष्ट पैशाचीच निघाली. खासगीत डायलिसिसच्या एका वेळेचे दोन हजार सांगितले. आठवड्यातून दोनदा, तेही जन्मभर. मंठा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. बोलणं जमीन विकण्यापर्यंत गेलं होतं.

आज आठ महिने झाले. 70 च्या आसपास वेळा डायलिसिस झालं आणि या सरकारी योजनेचं कार्ड चालू झाल्यापासून त्यापोटी एक रुपया द्यावा लागला नाही. हाताला फिश्चुला केला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून नस जोडून घेतली, तोही योजनेतून. मनगटाजवळ बोट ठेवलं की आत घरघर लागते. ती लागते म्हणजे नस चालू आहे, हे सिस्टरनी शिकवलं. सासूबाई रोज झोपण्याआधी तिथे हात ठेवून बघतात. जमीन अजून आमच्याच नावावर आहे ती या योजनेमुळे, हे मी कुणालाही सांगेन.

2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ही योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांसकट सगळ्यांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. फार मोठं काम झालं.

कार्डाचा रंग बघत नाहीत, पण नाव बघतात. रेशन कार्डावर मामंजींच्या नावापुढे ‘राव’ आहे, आधारवर नाही. तेवढ्यावर नऊ दिवस गेले आणि तीन वेळा रोख भरून डायलिसिस करावं लागलं. आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणारा पोरगा, भला होता, कोणता कागद कुठून आणायचा ते त्याने लिहून दिलं. दवाखान्याने मात्र रक्त वाढायचं इंजेक्शन तीनदा बाहेरून आणायला लावलं. योजनेच्या 155388 या फोन नंबरवर तक्रार केली, चौथ्यांदा ते आतूनच मिळालं. पावत्या फेकू नका.

जाण्यायेण्याचं कुणीच धरत नाही. पहाटेची एसटी, चार तास मशीनवर, घरी यायला अंधार. तिकीट आम्हा दोघांचंही अर्धं, पण आठवड्याचे माझे दोन रोज बुडतात.

माझी खरी तक्रार याच्याही आधीची आहे. मामंजींना अकरा वर्षांपासून बीपी. गोळी दोन-अडीच रुपयांची. आरोग्य केंद्र लांब, गोळ्या संपल्या की ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद. इतक्या वर्षांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, कुणी केली नाही. योजनेत ओपीडी नाहीच, दुखणं दवाखान्यात भरती होण्याइतकं वाढल्यावर योजना सुरू होते. इंग्लंडमध्ये 1948 पासून पहिलं दार जवळच्या डॉक्टरचं असतं. तिथे ऑपरेशनला महिनोन्महिने थांबावं लागतं, हेही खरं. थायलंडने 2002 मध्ये रोजच्या साध्या उपचारांसकट हमी दिली आणि डायलिसिस 2008 मध्ये त्यात घेतलं. आपण उलट्या टोकाने निघालो. दोन रुपयांची गोळी वेळेवर मिळत नाही, आणि किडनी गेल्यावर सरकार लाखाने मोजतं.

गेल्या महिन्यात आमच्या यांचं बीपी तपासून घेतलं, 160 निघालं. आरोग्य केंद्रातून पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सोळाव्या दिवशी गेलो तर शिल्लक नव्हत्या. मेडिकलवरून आणल्या, आणि आता डबा मीच माझ्याजवळ ठेवते.