रात्री डोक्यावरून गेलं ते वटवाघूळ की पक्षी?

सगळ्यात आधी साइज विसरा. अंधारात ते किती उंचावर होतं हेच कळलेलं नसतं, मग किती मोठं होतं ते कसं सांगणार, आणि "मोठं होतं म्हणजे घुबडच" हे लॉजिक तर अजिबात चालत नाही कारण सगळ्यात मोठ्या फळखाऊ वटवाघळांचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा-दीड मीटर भरतात, बहुतेक घुबडं त्यापुढे लहानच. रंगाचंही तेच, मागे आकाश उजळ असलं की सगळंच काळं दिसतं. माझं विचाराल तर आधी एकच बघा, पंख मधे थांबतात का.

पक्षी साधारणपणे पंख मारतो, मग थोडा वेळ ते ताठ धरून तरंगतो, परत मारतो. वटवाघूळ मारतच राहतं. त्याचा पंख म्हणजे खरं तर हातच आहे, चार लांबलचक बोटं आणि त्यांच्यामधे ताणलेली पातळ कातडी, अंगठा तेवढा मोकळा. पंख वर घेताना तो अर्धवट मिटतो, खाली मारताना पूर्ण उघडतो, त्यामुळे आकार सारखा बदलत राहतो आणि बघणाऱ्याला ते लटपटत चाललंय असं वाटतं. लटपटत वगैरे काही नसतं, कंट्रोल जबरदस्त असतो. पंखाची मागची कड दिसलीच तर ती छत्रीच्या कडेसारखी, बोटाच्या टोकाशी टोकदार आणि मधे आत गेलेली. पक्ष्याच्या पंखाला अशी कड नसते.

आता खरा गोंधळ होतो तो सूर्य मावळल्यावरच्या थोड्या वेळात, कारण तेव्हा दोघंही हवेत असतात. स्विफ्ट (काही जण पाकोळी म्हणतात) अजून घरी गेलेले नसतात आणि लहान वटवाघळं बाहेर पडायला लागलेली असतात, दोघंही किडेच खातात, दोघांचीही घाई. स्विफ्टचे पंख लांब, अरुंद, मागे वळलेले आणि एकदम कडक, भराभर मारून मग सूं करून लांब वळण घेणार, बऱ्याचदा घोळक्याने आणि चिरक्या आवाजात ओरडत. लहान वटवाघूळ त्याच त्या जागेत घिरट्या घालतं, झाडाच्या कडेने जाईल, वळेल, परत तिथूनच येईल, आणि मधेच अचानक दिशा तोडेल. तो दिशा तोडण्याचा क्षण दिव्याखाली उभं राहून नीट बघा, कारण किडा जवळ आला की ते एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं, अंग गोळा करतं, पायांमधल्या कातडीच्या झोळीत किंवा पंखाने किडा ओढून घेतं, डोकं खाली घालून तोंडात धरतं, तेवढ्यात थोडं खाली आलेलं असतं आणि लगेच सावरून पुढे. हे सगळं सेकंदाच्या आत. स्विफ्ट असलं काही करत नाही, तोंड उघडून किड्यावरून जातो, संपलं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, काही वटवाघळं उजेड असतानाच निघतात आणि उंचावरून वेगात, बऱ्यापैकी सरळ उडतात, तिथे फक्त वाटेवरून ठरवलंत तर फसाल.

रातवा (रात्री किडे खाणारा पक्षी) त्या मानाने सोपा. लांब शेपूट, गुपचूप उडणं, पंख वर धरून तरंगणं, आणि बऱ्याच जातींत पंखांवर पांढरे ठिपके. रस्त्यावर किंवा मोकळ्या जमिनीवर बसलेला दिसला आणि टॉर्चमधे डोळे लाल चमकले तर विषयच संपला.

मोठ्यांची गोष्ट जरा वेगळी. इथे "तरंगलं म्हणजे पक्षी" हा नियम ढिला पडतो कारण मोठी फळखाऊ वटवाघळं अधूनमधून तरंगतात, आणि पंख मारतात तेही सावकाश, थेट सरळ रेषेत, एका पाठोपाठ एक. मग मागचं टोक बघा. फळखाऊ वटवाघळाला दिसेल अशी शेपूट नसते, अंग मागे एकदम संपतं. घुबडाला छोटी का होईना शेपूट असते, डोकं गोल, मोठं, मान नाहीच असं वाटतं, आणि पंखांचा आवाज जवळजवळ शून्य. रातबगळा मान आखडून उडतो, पाय शेपटीच्या थोडे मागे दिसतात, पण तो बहुतेक वेळा स्वतःच "क्वॉक" करून ओळख देतो. शहरात अजून एक फायदा, खालच्या दिव्यांचा उजेड वर जातो आणि पोटाकडून पांढरं काही संथ तरंगत गेलं तर ते गव्हाणी घुबड किंवा बगळा असण्याचीच शक्यता जास्त, मोठं वटवाघूळ त्या उजेडात तपकिरी-काळंच राहतं.

चंद्रासमोरून खूप उंचावर ठिपके एका दिशेने जात असतील, आणि वरून मधेच बारीक "त्सिप" ऐकू येत असेल, तर ते स्थलांतर करणारे पक्षी. पुष्कळ लहान पक्षी हा प्रवास रात्रीच करतात.

खडा वर टाकला की किडे खाणारं वटवाघूळ बऱ्याचदा त्याच्याकडे झेपावतं हे खरं आहे, पण एवढ्यासाठी त्यांच्यावर खडे टाकू नका राव. आणि जमिनीवर पडलेलं वटवाघूळ सापडलं तर उघड्या हाताने उचलू नका, रेबीजचा धोका असतो.

आवाजाचं म्हणाल तर कानावर फार विसंबू नका. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी, आणि किडे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांच्या हाका त्याच्या वर असतात, फोनचा माइकही साधारण तिथेच थांबतो, त्यामुळे पक्ष्यांच्या आवाजाचं ॲप गप्प बसलं म्हणून वटवाघूळ नव्हतं असं होत नाही. वरचेवर बघणार असाल तर बॅट डिटेक्टर घ्या, म्हणजे वटवाघळांच्या हाका आपल्याला ऐकू येतील अशा करून देणारं छोटं यंत्र. त्यात टक टक टक असं ऐकू येतं, किडा टप्प्यात आला की ते टक टक भराभर होत जाऊन शेवटी सलग "झर्रर्र" होतं. फक्त मोठी फळखाऊ वटवाघळंच येत असतील तर डिटेक्टरवर पैसे घालू नका, ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात, अशा हाका देतच नाहीत.